पडद्यापुढची खुर्ची

हेमा गेल्याचं कळलं तेव्हा मी शिडीवर होतो. विद्यापीठाच्या दृश्यकला विभागाच्या हॉलमध्ये भिंतीला लाकडी पट्टी ठोकत होतो. खाली यासीनभाई बागवान शिडी धरून उभे होते. त्यांचा इचलकरंजीतला फोटो स्टुडिओ बंद पडून बरीच वर्षं झाली होती. हॉलमध्ये लागलेले काही पडदे त्यांच्याच स्टुडिओतले होते.

शर्ट काढून खुर्चीवर टाकला होता. त्याच्या खिशात फोन वाजला. यासीनभाईंनी नाव वाचलं.

"भाभींचा आहे."

"उचला. म्हणावं, पट्टी ठोकतोय. ओरडू नको."

त्यांनी फोन उचलला, "हां भाभी," म्हणाले. नुसते ऐकत राहिले. मग वर बघून म्हणाले, "विलासराव, खाली या."

"काय म्हणते?"

"आधी खाली या."

हातोडी हातात घेऊनच उतरलो. फोनवर जतच्या एसटी स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक होता. भला माणूस होता. बाई गाडीच्या रांगेत उभ्या होत्या, उभ्या उभ्याच कोसळल्या, दवाखान्यात नेलं पण उपयोग झाला नाही, असं त्यानं थांबत थांबत सांगितलं. मग म्हणाला, "त्यांच्यासोबत कापडाची एक लांब गुंडाळी आहे. ती कुणाकडं देऊ?"

"ती तिच्याजवळच राहू दे," मी म्हणालो. "मी येतोय."

त्या गुंडाळीसाठीच ती गेली होती. प्रदर्शनातला तो शेवटचा पडदा होता. मी पण येतो म्हणालो होतो, तर म्हणाली, "तुम्ही पट्टी ठोका. पडदा मी आणते. पडदा आला आणि पट्टी नाही, असं नको."

मी आयुष्यभर दूध संघाचा टँकर चालवला. हेमा बालवाडीत शिकवायची. मूलबाळ आम्हाला झालं नाही. मुक्त विद्यापीठातून तिनं बी.ए. केलं होतं, आणि पन्नाशी उलटल्यावर एक दिवस जेवताना म्हणाली, कलेच्या इतिहासात एम.ए. करणार. त्यात प्रदर्शनाची मांडणी असाही एक विषय होता.

"मांडणी म्हणजे काय शिकवणार?" मी विचारलं.

"दुसऱ्यांच्या वस्तू आणायच्या. कुठली कुठं ठेवायची, का ठेवायची, ते ठरवायचं."

"ते तू स्वयंपाकघरात रोज करतेस."

"मग त्याची डिग्री तर मिळू दे," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आमटी वाढली.

वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची. तिला त्याचं काही वाटत नसे. पहिल्या वर्षी ती घरी येऊन मला अजिंठ्याबद्दल सांगायची, बुंदीच्या चित्रांबद्दल सांगायची, मी ऐकायचो आणि निम्मं विसरायचो. दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक प्रदर्शन मांडायचं होतं. तेच परीक्षेला धरणार होते. बाहेरून परीक्षक येणार, प्रदर्शन बघणार, प्रश्न विचारणार. हेमानं विषय घेतला फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यांचा. जुन्या स्टुडिओत माणसाच्या मागं सोडायचे ते पडदे. महाल, तळं, जिना, कठडा, गुलाबाच्या कुंड्या. निपाणी, गडहिंग्लज, विटा, जिथं जिथं बंद पडलेला स्टुडिओ कळला तिथं आम्ही गेलो. कुणी माळ्यावरून काढून दिला, कुणी कडब्यावर झाकलेला दिला. एकानं तर विचारलं, "ह्याचं करणार काय तुम्ही? लग्नकार्य आहे का?"

विभागप्रमुख गणपुले सर. तिचे मार्गदर्शकही तेच. माणूस वाईट नव्हता. पण दोन गोष्टींवरून त्यांचं आणि हेमाचं वाजलं. एक म्हणजे पडद्यांवरचे डाग. प्रत्येक पडद्यावर माणसाच्या डोक्याच्या उंचीला एक काळपट डाग होता. सर म्हणाले, तज्ज्ञाकडून साफ करून घेऊ. हेमा म्हणाली, डाग राहू द्या. दुसरी गोष्ट खुर्च्यांची. प्रत्येक पडद्यापुढं तिला एक खुर्ची ठेवायची होती. येणाऱ्यांनी तिथं बसायचं, यासीनभाईंनी फोटो काढायचा.

सर म्हणाले, "काकू, हे प्रदर्शन आहे. जत्रा नाही."

"जत्रेतच वापरलेत सर यातले दोन पडदे."

सर हसले होते. शेवटी दोन्ही गोष्टींना हो म्हणाले होते. हे सगळं ती होती तेव्हाचं.

रक्षाविसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गणपुले सर घरी आले. मी सतरंजीवर बसलो होतो. डोक्यावर केस नव्हते. माझे थोरले भाऊ, आण्णा, भिंतीला टेकून बसले होते. आतल्या खोलीत हेमाच्या फोटोपुढं दिवा लावला होता. तो आमच्या लग्नाच्या फोटोची प्रत काढून फक्त तिचा अर्धा घेतलेला. लग्नानंतर जतच्या स्टुडिओत काढलेला जोडीचा फोटो. तिचं माहेर तिकडचं. मी खुर्चीवर, ती शेजारी उभी. तेव्हा सगळ्या जोडप्यांचे फोटो असेच काढायचे.

सर म्हणाले, "काकूंचं काम वाया जाऊ द्यायचं नाही. प्रदर्शन ठरल्या दिवशीच उघडू."

"बरं होईल," मी म्हणालो.

"फक्त त्याला श्रद्धांजलीचं रूप देऊ. मी पत्रिकेचा मजकूर करून आणलाय." त्यांनी कागद पुढं केला. वर लिहिलं होतं, कै. सौ. हेमलता विलास हावळ यांच्या स्मृतीस अर्पण. खाली विभागाचं नाव, सरांचं नाव.

मी दोनदा वाचलं. "मांडणी कुणाची, ते कुठं आहे?"

"त्यांच्या स्मृतीस अर्पण आहे ना."

"अर्पण करणारे तुम्ही. केलंय तिनं. तिथं मांडणी हेमलता हावळ असं लिहा. आणि ते कै. काढा."

"विलासराव, रीत असते."

"तिनं हे सगळं जिवंतपणी केलंय, सर."

आण्णा म्हणाले, "विलास, सर आपल्या घरी आलेत."

"आलेत म्हणूनच सांगतोय. नाहीतर मला तिकडं जाऊन सांगायला लागलं असतं."

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मी खुर्च्यांचं विचारलं. खुर्च्या राहतील, ते म्हणाले, पण पुढं दोरी लावू. प्रतीक म्हणून राहतील.

"बसायचं नाही कुणी?"

"अशा प्रसंगी लोक फोटो काढत बसले तर कसं दिसेल? तुम्हीच सांगा."

"फोटोचेच पडदे आहेत. त्यांच्यापुढं फोटो नाही काढायचा तर काय हात जोडायचे? आणि परीक्षक?"

"येणार आहेत. बाकीच्या विद्यार्थ्यांसाठी. काकूंची तोंडी परीक्षा आता कशी होणार?"

"तोंडी नको. प्रदर्शन बघून मार्क द्यायचे आहेत ना? मग ते बघू द्या त्यांना. ती तुमची विद्यार्थिनी आहे."

"होत्या," सर हळू म्हणाले.

"प्रदर्शन संपेपर्यंत आहे."

 सर चहा न घेता उठले. आमच्याकडं तेव्हा चहा दुसऱ्याच्या घरून यायचा. दारात चप्पल घालताना ते म्हणाले, "बघू." मी आयुष्यभर साहेब लोकांकडून बघू ऐकलंय. त्याचा अर्थ मला कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जतहून आलेली गुंडाळी खांद्यावर घेतली. आण्णा दारात आडवे उभे राहिले.

"कुठं?"

"हॉलला. शेवटचा पडदा राहिलाय."

"सुतक संपलं नाही अजून. घरात दिवा तेवतोय. आणि तू खांद्यावर पडदा घेऊन गावातून जाणार?"

"रिक्षानं जाणार."

"माणसं येतात भेटायला. काय सांगू त्यांना?"

"परीक्षा आहे म्हणून सांगा."

"कुणाची?"

"हेमाची."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मला वेड लागलं की काय, असं त्यांना वाटलं असावं. पण बाजूला झाले.

हॉलमध्ये यासीनभाई आधीच आले होते. विभागाच्या शिपायानं सुती दोरीचं वेटोळं कोपऱ्यात आणून ठेवलं होतं. ती खुर्च्यांपुढं लावायची होती. मी ती उचलली आणि पडदा पट्टीला बांधायला वापरली. थोडी उरली तीही गाठी मारून संपवली.

पडदा हळूहळू खाली सोडला. तोवर तो मी उघडून बघितला नव्हता. तळं, कठडा, मागं महाल. आणि तळ्यात, खुर्ची येते त्याच्या डावीकडं, एक हंस. त्याची मान लांब आणि वाकडी काढलेली होती. रंगाऱ्यानं हंस बघितला नसावा.

मी ती मान ओळखली. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या खांद्यामागं एक वाकडी वस्तू दिसते. मी इतकी वर्षं ती झारीची तोटी समजत होतो. हेमाला एकदा म्हणालो पण होतो, फोटोवाल्यानं मागं झारी कशाला ठेवली असेल. ती तेव्हा फक्त हसली होती. आमचाच पडदा होता तो. ती शोधत होती, सापडला, आणि तो आमचा आहे हे मला न सांगता आणायला गेली.

यासीनभाईंनी विचारलं, "काय झालं?"

"झारी नाही," मी म्हणालो. "हंस आहे."

त्यांना काही कळलं नाही. मी सांगितलं नाही. पडद्यावर खुर्चीच्या शेजारी, वर, तो काळपट डाग होता. इतर पडद्यांवर होता तसाच. मी खुर्ची आणून तिनं खडूनं केलेल्या खुणेवर ठेवली. प्रत्येक पडद्यापुढं तिनं आधीच खुणा करून ठेवल्या होत्या, या पडद्यापुढंही.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी मी घरी जाऊन अंघोळ करून परत आलो. दारातच चपलांची रांग लागलेली दिसली. हॉलमध्ये चपला काढायची पद्धत नव्हती. विद्यार्थी तिथं रंगानं माखलेल्या चपला घालून हिंडायचे. आत उदबत्तीचा वास येत होता.

शेवटच्या पडद्यापुढच्या खुर्चीवर हेमाचा फोटो ठेवला होता. मोठा केलेला. त्याला चाफ्याचा हार. खाली समई. विभागाच्या ऑफिसातल्या पोतदार बाईंनी ते केलं होतं. त्यांचं हेमावर प्रेम होतं. त्यांनी सहलीच्या फोटोतून तिचा चेहरा कापून घेतला होता. त्या फोटोत ती शेवटच्या रांगेत उभी होती, उंच म्हणून.

लोक येत होते, पदर सावरून, टोपी काढून, फोटोपुढं फूल ठेवत होते, हात जोडत होते आणि भिंतीकडेला उभे राहत होते. कुणी पडद्यांकडं बघत नव्हतं. बाकीच्या खुर्च्यांजवळ कुणी फिरकत नव्हतं. एक बाई माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "किती सुंदर सजवलंय, नाही?" आण्णा आणि वहिनीही आले होते. यासीनभाईंचा कॅमेरा पिशवीत होता. दाराजवळच्या पाटीवर मात्र मांडणी हेमलता हावळ असं लिहिलं होतं. कै. नव्हतं. एवढं सरांनी ऐकलं होतं.

परीक्षक इनामदार मॅडम गणपुले सरांशेजारी उभ्या होत्या. धारवाडकडच्या, साठीच्या. सगळ्या हॉलमध्ये पडदे कुणी बघायचे होते तर त्यांनी, आणि त्या हात जोडून, मान खाली घालून जमिनीकडं बघत होत्या.

सर बोलायला उभे राहिले. "आज आपण एका दुःखद प्रसंगी," अशी त्यांनी सुरुवात केली.

मी खुर्चीपाशी गेलो. समई उचलली आणि शेजारच्या टेबलावर ठेवली. मग फोटो उचलला.

"पोतदार बाई, हा ऑफिसात ठेवता का?"

बाई घाबरल्या. "काही चुकलं का हो माझं?"

"नाही. घरी एक आहे, तेवढा पुरे."

सर बोलायचे थांबले होते. आण्णा पुढं आले आणि माझा दंड धरून कानाशी म्हणाले, "विलास, चारचौघांत हे काय चालवलंयस? बायकोचा फोटो कुणी असा उचलतंय का?"

"ही खुर्ची फोटो ठेवायची नाही, आण्णा. तिनं माणसासाठी ठेवलीय."

"लोक बघायला लागलेत."

"त्याच्यासाठीच बोलावलंय त्यांना."

त्यांनी दंड सोडला. मी यासीनभाईंना कॅमेरा काढायला सांगितलं. त्यांनी काढला. तिपाई उभी केली, भिंगातून बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "बसा, विलासराव."

"मी नाही बसणार."

मी खुर्चीच्या शेजारी उभा राहिलो. उजवा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. लग्नाच्या फोटोत हेमा उभी आहे तशी.

जतला जायच्या आदल्या संध्याकाळी ती भाजी निवडत होती. मला म्हणाली होती, "उद्घाटनाला पहिला फोटो आपला. मी बसणार. तुम्ही उभं राहायचं."

"आणि माझा गुडघा?"

"फोटोपुरतं दुखू दे. मी सगळ्या फोटोंत उभीच आहे. बघा काढून."

मी काढून बघितले नव्हते. ती गेल्यावर दिव्यापुढं ठेवायला फोटो शोधताना बघितले. खरं होतं. लग्नकार्यात वाढताना उभी, बालवाडीच्या मुलांमागं उभी, माझ्या निरोप समारंभात खुर्च्यांच्या मागं उभी.

"हलू नका," यासीनभाई म्हणाले. "समोर बघा."

मी समोर बघितलं. समोर सगळे होते. खुर्ची रिकामी होती. त्यांनी फोटो काढला.

मग कुणीच हललं नाही. मला वाटलं आता सर मला बाहेर जायला सांगतील. मी जाणार नव्हतो. पण इनामदार मॅडमनी मान वर केली होती. त्या पडद्याकडं बघत होत्या, माझ्या डोक्याशेजारी. जवळ आल्या, चष्मा वर केला.

"हा डाग कसला?"

"तेलाचा," मी म्हणालो. "बायका उभ्या राहायच्या ना. डोकं पडद्याला लागायचं. त्यांच्या केसांचं तेल आहे."

"आणि पुरुष?"

"ते पुढं खुर्चीवर. त्यांचं डोकं लागत नाही. मला नव्हतं दिसलं हे. तिनं दाखवलं."

"सगळ्या पडद्यांना आहे?"

"सगळ्या."

त्या पहिल्या पडद्यापाशी गेल्या. मग दुसऱ्या. प्रत्येक पडद्यापुढं थांबल्या, डाग बघितला, खुर्ची बघितली, जमिनीवरची खडूची खूण बघितली. त्यांच्यामागून विद्यार्थी गेले. परत आल्यावर त्यांनी गणपुले सरांना विचारलं, "तुम्ही हे साफ करून घेणार होता?"

सर म्हणाले, "हो. त्यांनी करू दिलं नाही."

मॅडम शेवटच्या पडद्यापुढच्या खुर्चीवर बसल्या. नीट, पाठ टेकून. पदर सारखा केला. मग सरांना म्हणाल्या, "या, तुम्ही इथं उभे राहा."

सर क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग आले आणि उभे राहिले. हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. मी दाखवलं.

त्यानंतर पोतदार बाई बसल्या. त्यांच्याशेजारी उभं राहायला शिपायाला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, साहेबासारख्या बसलाय." हॉलमध्ये हशा पिकला. मग पोरी बसल्या. कुणी भावाला फोन करून बोलावून घेतलं, कुणी वर्गातल्या पोराला उभं केलं. यासीनभाई सगळ्यांना हलू नका म्हणत होते. आमच्या वहिनी बसल्या आणि दाराकडं बघून आण्णांना म्हणाल्या, "या की." आण्णा बाहेर जाऊन चपला घालून उभे राहिले होते. नंतर आत आले. चपला घालूनच आले.

याला आता बरीच वर्षं झाली. निकालात हेमाच्या नावापुढं अनुपस्थित असं छापून आलं. मॅडमनी लेखी कळवलं होतं की प्रदर्शन त्यांनी बघितलं आणि मार्क दिलेत, पण तोंडी परीक्षेशिवाय निकाल लावता येत नाही असं वरून उत्तर आलं. मी अर्ज केले. अजून करतो. तिथला कारकून आता मला नावानं ओळखतो, म्हणतो, "काका, कशाला त्रास घेता?" मी म्हणतो, त्रास तुम्हाला व्हावा म्हणून येतो.

पडदे विभागाच्या कोठीत आहेत. डाग काढलेले नाहीत. वर्षातून एकदा जाऊन मी बघून येतो. यासीनभाईंनी काढलेला फोटो घरात लग्नाच्या फोटोशेजारी लावलाय. आता दिव्यापुढचा फोटो काढून ठेवलाय. भिंतीवर हे दोनच. एकात मी बसलोय आणि ती उभी आहे. दुसऱ्यात मी उभा आहे.

तिचा बसलेला फोटो काढायचा राहिला.